‘काही करत नाही’

आपल्याकडच्या रोजगार सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला दोन आकडी संकेतांक मिळतो. स्वतःची शेती किंवा दुकान चालवणारा ११. पगारी माणसं ठेवून धंदा करणारा १२. घरच्याच शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी हातभार लावणारा २१. नोकरदार ३१. रोजंदारीवर जाणारा ५१. काम शोधणारा बेकार ८१. इथपर्यंत माणूस श्रमशक्तीत मोजला जातो. मग नव्वदीचे आकडे सुरू होतात आणि माणूस श्रमशक्तीच्या बाहेर पडतो. ९१ म्हणजे विद्यार्थी, ९४ म्हणजे भाड्यावर किंवा पेन्शनवर जगणारे, ९५ म्हणजे अपंगत्वामुळे काम करू न शकणारे, ९७ म्हणजे ‘इतर’. आणि हे इतर कोण ते कळावं म्हणून कंसात भीक मागणाऱ्यांचा आणि देहविक्रय करणाऱ्यांचा उल्लेख. मधले दोन राहिले. ९२: फक्त घरकाम. ९३: घरकाम, शिवाय घरच्या वापरासाठी सरपण, भाजीपाला, वैरण गोळा करणं, शिवणटिपण, विणकाम वगैरे.

समाजशास्त्र आणि मूल्यं यांचं नातं काय, हा प्रश्न एमएला असताना मी वीस मार्कांसाठी लिहिला होता. माक्स वेबरची मूल्यनिरपेक्षता, तिच्यावरचे आक्षेप, समारोप. खरा कळला तो पुढे, या ९२ आणि ९३मुळे.

एमए झाल्यावर काही वर्षं मी एका संशोधन संस्थेसाठी गावोगाव प्रश्नावल्या भरत हिंडत होते. आमचे रकाने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाकडूनच उसने घेतलेले होते. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली गावं. प्रशिक्षणात आम्हांला एक वाक्य रोज ऐकवलं जायचं: तुमची मतं गाडीत ठेवायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. उत्तर सुचवायचं नाही. प्रश्न जसा छापलाय तसा वाचायचा. यातली शिस्त मला तेव्हाही पटत होती, आजही पटते. सर्वेक्षक आपल्याला हवं ते उत्तर काढून घ्यायला लागला तर गावात जायचंच कशाला, टेबलाशी बसून भरावं.

पण छापल्याप्रमाणे प्रश्न वाचला की काय व्हायचं ते पाहा. दार उघडायला बहुतेक वेळा घरातला पुरुष. बायको आत. विचारायचं, “यांचं मुख्य काम काय?”

“काय करत न्हाय. घरीच असती.”

दावणीला दोन म्हशी दिसतायत. अंगणात वैरणीचा भारा नुकताच टाकलेला, त्याचा हिरवा वास. भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या, हाताची पाच बोटं उमटलेली. छापील प्रश्न इथे संपला. मी पुढे विचारलं, “म्हशींचं कोण बघतं?”

“तीच की.”

“मग ते काम नाही का, दादा?”

“ते घरचंच हाय.”

माझा हा दुसरा प्रश्न म्हणजे उत्तर सुचवणं की नीट चौकशी करणं? आमच्या तुकडीत यावरून भांडणं झाली. शेजारच्या गावात काम करणारा माझा सहकारी पहिल्या उत्तरावर थांबायचा आणि ९३ लिहायचा; फार तर ९२. मी म्हशींपर्यंत जायचे आणि बऱ्याच घरांत २१ लिहायचे. पर्यवेक्षकांच्या लक्षात आलं, की दोन गावांमध्ये चार किलोमीटरचं अंतर, पाऊस तोच, पिकं तीच, आणि एका गावातल्या बायका कामकरी, दुसऱ्यातल्या रिकाम्या. ते स्वतः फेरतपासणीला गेले. भल्या माणसानं काही घरांत सकाळी जाऊन पुरुषांना विचारलं आणि त्याच घरांत दुपारी, पुरुष बाहेर असताना, बायकांना विचारलं. सकाळचं उत्तर सहकाऱ्याच्या बाजूचं निघालं, दुपारचं बरंचसं माझ्या. एकाच घराचं, एकाच दिवसाचं.

माझ्या दृष्टीनं मूल्यांचा प्रश्न इथे, दारात, सुरू होतो. सामान्य समज असा असतो, की आधी तथ्यं गोळा होतात आणि मग कुणी डावा, कुणी उजवा, कुणी स्त्रीवादी येऊन त्यांना आपापला रंग लावतो. म्हणून रंग लावणाऱ्यांपासून सावध राहिलं की झालं. पण ‘यांचं मुख्य काम काय’ हा प्रश्न घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारायचा, हे ठरवणाऱ्यानं काहीतरी गृहीत धरलेलंच आहे. ‘मुख्य’ हा शब्द निवडणाऱ्यानंही. दिवसभरात पंधरा कामं करणाऱ्या बाईला मुख्य काम नसतं. तिच्या नवऱ्याला असतं, कारण त्याच्या दिवसाची तशी घडण पंधरा कामं करणाऱ्या बाईमुळे होते. प्रश्न तटस्थ दिसतो कारण तो छापलेला असतो.

वेबर वाचणाऱ्यांना हे नवं नाही. मूल्यनिरपेक्षतेचा पुरस्कर्ता म्हणून ज्याचं नाव परीक्षेत लिहितात, त्यानंच १९०४ साली समाजविज्ञानातल्या वस्तुनिष्ठतेवर लिहिताना मांडलं होतं, की वास्तव अनंत आहे आणि त्यातलं काय अभ्यासण्याजोगं हे ठरवण्याचं काम आपली मूल्यंच करतात. त्याचा आग्रह पुढच्या पायरीबद्दल होता: विषय एकदा निवडला, की उत्तर मात्र मूल्यांनी ठरवू नये, आणि ‘काय आहे’ यावरून ‘काय असावं’ हे शास्त्राच्या नावानं सांगू नये. गुन्नार मिर्डालनं १९६८च्या ‘एशियन ड्रामा’त याच्याही पुढे जाऊन म्हटलं, की मूल्यं लपवता येत नसतील तर सुरुवातीलाच मांडा, म्हणजे वाचकाला तपासता येतील. ग्रंथाचे तीन जाडजूड खंड आहेत. कुणी पुरते वाचले असतील असं वाटत नाही, पण हा एक मुद्दा त्यांची किंमत वसूल करतो.

‘काम’ या शब्दाचंच घ्या. अर्थशास्त्रात एक जुना विनोद आहे. तो आर्थर पिगू या केंब्रिजच्या प्राध्यापकानं १९२०च्या आपल्या पुस्तकात गंभीरपणे मांडला होता. एखाद्यानं आपल्या पगारी घरकामवाल्या बाईशी लग्न केलं, तर राष्ट्रीय उत्पन्न घटतं. काम तेच, बाई तीच, घर तेच. फक्त पगार थांबला. पिगूला ही विसंगती खुपत होती. पण दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी राष्ट्रीय हिशेबाची पद्धत घालून दिली तेव्हा विसंगती तशीच राहिली. घरात स्वतःसाठी पिकवलेलं धान्य उत्पादनात, घरात स्वतःसाठी शिजवलेला भात बाहेर. गंमत अशी, की स्वतःच्या मालकीच्या घरात आपण राहतो त्याचं मानीव भाडं राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. म्हणजे घराच्या चार भिंती नुसत्या उभ्या राहून उत्पन्न देतात, आणि त्या भिंतींच्या आत झाडलोट करणारी बाई देत नाही. मोजायला कठीण म्हणून वगळलं हे कारण इथे टिकत नाही. मानीव भाडं काढणं काही सोपं नाही. पण ते महत्त्वाचं वाटलं, म्हणून पद्धत शोधली गेली.

आपल्या सर्वेक्षणात ही सीमारेषा आणखी बारीक वळणं घेते. म्हशीची धार काढणं प्राथमिक उत्पादन, म्हणून आत. त्याच दुधाचं घरच्यासाठी विरजण लावून ताक करणं, लोणी कढवणं ही प्रक्रिया, म्हणून बाहेर. गोवरी थापून बाजारात विकली तर आर्थिक काम. चुलीत घातली तर ९३. आमच्याबरोबरची एक मुलगी म्हणायची, गोवरीलाच विचारायला पाहिजे तुझं पुढं काय होणार.

ही रेषा कुठे काढायची याच्यावर प्रत्यक्ष झगडे झाले आहेत आणि ती हललीही आहे. १९७४ साली ‘समानतेकडे’ हा स्त्रियांच्या स्थितीवरचा अहवाल आला. फुलरेणू गुहा त्या समितीच्या अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. त्यातून एक पिढीच्या पिढी कामाला लागली. देवकी जैन यांनी सत्तरच्या दशकात राजस्थान आणि पश्चिम बंगालच्या काही गावांत बायकांच्या दिवसाची तासातासानं नोंद करून दाखवलं, की सरकारी मोजणीत ‘काम न करणाऱ्या’ बायका कामात असतात. रेटा वाढला. १९९१च्या जनगणनेत कामाबद्दलच्या प्रश्नापुढे कंसात शब्द घातले गेले: ‘शेतीतलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम धरून’. एवढाच कंस. २००१मध्ये घरच्यापुरतं दूध उत्पादनही कामात धरायचं ठरलं. या दहा-वीस वर्षांत म्हशींनी काही वेगळं केलं नव्हतं. कुणाच्या तरी मूल्यांनी अधिकाऱ्यांच्या बैठकीत जाऊन एक कंस मिळवला होता. याला कुणी ‘शास्त्रात राजकारण घुसलं’ म्हणत असेल, तर कंस नव्हता तेव्हा कुणाचं राजकारण होतं हेही त्यानं सांगावं.

हे सगळं शब्दांचे खेळ वाटू शकतात. मलाही काही काळ वाटले असते. पण आमच्या घरात हा प्रश्न दुसऱ्या दारानं आला.

माझी मावशी गावाकडे रस्ता ओलांडताना एका टेंपोखाली गेली. पन्नाशीची होती. डोक्यावर वैरणीचा भारा होता. नुकसानभरपाईचा दावा लागला. विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं एका ओळीचं होतं: मयत काही कमावत नव्हत्या. आमच्या वकिलांनी विचारलं, “दूध डेअरीला जात होतं ना? कार्ड कुणाच्या नावावर?” कार्ड काकांच्या नावावर. दर दहा दिवसांचं बिल काकांच्या नावानं. पहाटे चारला उठून धार काढणारी, फॅट कमी लागली म्हणून डेअरीवाल्याशी भांडणारी, भाकडकाळात पेंडीचा हिशेब तोंडावर सांगणारी मावशी. कागदावर तिचा एक अंगठा नव्हता. सातबारावर नाव नव्हतं. रेशनकार्डावर ‘पत्नी’.

मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या व्यक्तीचं काल्पनिक उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं होतं. जोडीदार असेल तर कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश. त्यामुळे आमच्या वकिलांनी काकांचं उत्पन्न जमेल तेवढं दाखवायचं ठरवलं, आणि त्यासाठी डेअरीची बिलं गोळा केली. म्हणजे मावशीच्या दुधाचा पैसा आधी काकांची कमाई झाला, आणि मग त्याचा तिसरा हिस्सा ही मावशीची किंमत झाली. मी हे गणित समजून घ्यायला दोनदा विचारलं. वकील शांतपणे म्हणाले, “ताई, कायद्याला रकाना लागतो.” शेवटी तडजोड झाली. रक्कम इथे लिहीत नाही, काकांना आवडायचं नाही.

पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं अरुणकुमार अगरवाल यांच्या खटल्यात निकाल दिला. अगरवाल यांची पत्नी अपघातात गेली होती आणि भांडण याच एक तृतीयांशवरून होतं. न्यायमूर्ती अशोककुमार गांगुली यांनी त्यात स्वतंत्रपणे लिहिताना थेट जनगणनेवर बोट ठेवलं: घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासोबत एकाच ‘अनुत्पादक’ गटात टाकणं हा त्यांचा अवमान आहे. जानेवारी २०२१मध्ये कीर्ती खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी २०११च्या जनगणनेचा दाखला दिला, की सुमारे १६ कोटी स्त्रियांनी घरकाम हे आपलं मुख्य काम सांगितलं, आणि पुरुष होते ५८ लाखांच्या आसपास. सोबत २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे: घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. यातही एक मेख आहे. ही सरासरी फक्त भाग घेणाऱ्यांची आहे आणि त्या कामात भाग घेणारे पुरुष मुळात चारात एक. हे सर्वेक्षण १९९८-९९ साली सहा राज्यांत प्रायोगिक म्हणून झालं होतं. देशभर व्हायला त्यानंतर वीस वर्षं लागली. मिनिटं तेव्हाही होती.

दारिद्र्यरेषेचीही गोष्ट अशीच, ती इथे थोडक्यात. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ मांडलं तेव्हा माणशी दिवसाला २,२५० उष्मांक हा पाया धरला होता. २०११मध्ये नियोजन आयोगानं न्यायालयात शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये ही रेषा सांगितल्यावर देशभर संताप झाला. हिशेबात चूक नव्हती. माणसाला काय मिळायलाच हवं, याबद्दलचं मत त्या हिशेबात विरघळलेलं होतं. ३२ म्हटल्यावर ते लोकांना दिसलं, उष्मांकांत दिसलं नव्हतं.

तर मग सगळंच मूल्यांवर आहे, आपली मूल्यं चांगली असली की झालं, असं का म्हणू नये? माझ्या बाजूचे पुष्कळ लोक असं म्हणतात. मी म्हणत नाही, आणि याची कारणंही मला गावांतूनच मिळाली.

एका घरात मी नेहमीप्रमाणे ‘घरीच असती’च्या पलीकडे गेले. सून बत्तिशीची, कपाळाला ठसठशीत कुंकू. सासू-सासरे आत. मी विचारलं रानात कोण जातं, वैरण कोण आणतं, धार कोण काढतं. ती म्हणाली गडी आहे. मी आणखी खोदलं. खुरपणीला तरी? ती हसली आणि म्हणाली, “आता रानात जावं लागत न्हाय बगा ताई.” त्या ‘बगा’मध्ये जो अभिमान होता तो मी अजून विसरलेले नाही. तिची आई जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर गेली होती. हिच्या नवऱ्याला कारखान्यात नोकरी लागली आणि ऊन सुटलं. ती काम करत नव्हती, आणि ती तिच्या आयुष्यातली मिळकत होती. मला तिच्यात लपलेली कामकरी शोधायची होती. तिला नको होती. मी ९२ लिहिलं.

त्या नोंदीत तीन प्रकारची मूल्यं एकमेकांवर बसली होती. सरकारची, जे उत्पादन मोजतं. माझी, जिला श्रमाची प्रतिष्ठा मोजायची होती. आणि तिची, जिच्या लेखी प्रतिष्ठा म्हणजे श्रमातून सुटका. म. न. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाची कल्पना मांडली ती अशाच निरीक्षणांवरून: वर सरकणाऱ्या जातींत बायका आधी शेतातून घरात येतात. तिच्या दृष्टीला मी ‘भ्रामक’ म्हणू शकले असते, तसे शब्द आमच्याकडे तयार असतात. पण दुसऱ्याच्या मूल्यांना भ्रम आणि आपल्या मूल्यांना दृष्टी म्हणायचं असेल तर त्यासाठी निदान सर्वेक्षणाचा खर्च करू नये.

इथे मला इरावती कर्वे आठवतात. १९२०च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे मोठे नाव; पुढे नाझींना सोयीचे ठरलेले. त्यांची अटकळ अशी, की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत विशिष्ट असमानता असते आणि ती बुद्धीशी जोडलेली आहे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंश आणि असमानता यांचा संबंध निघाला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसं लिहिलं. प्रश्न फिशरांच्या मूल्यांनी घडवलेला होता, मोजपट्टीही त्यांच्याच संस्थेची. तरीही कवट्यांनी नकार दिला, कारण मोजणारीनं तो नकार ऐकून घेतला. परदेशी विद्यार्थिनी, पदवी हातात यायची बाकी, समोर असा गुरू. (पुढे त्यांनी महाराष्ट्रातही जातींची मापं घेतली, त्या कामाच्या मुळाशी काय गृहीतं होती यावर वाद आहेत आणि ते असायला हवेत.) मूल्यांनी प्रश्न घडतो, पण उत्तराला ‘नाही’ म्हणायची जागा राहते, ही जागा ठेवली नाही तर फिशर आणि आपण यांत फरक एवढाच राहील, की आपण चांगले आहोत असं आपल्याला वाटतं. फिशरांनाही वाटत होतं.

आणि आत्ताचीच गोष्ट. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या ग्रामीण स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ला २४.६ टक्के होता. २०२३-२४ला तो ४७.६ टक्के आला. सहा वर्षांत जवळपास दुप्पट. सरकारच्या बाजूचे म्हणाले, स्त्रिया सक्षम झाल्या. विरोधातले म्हणाले, संकटामुळे घराबाहेर पडल्या. दोघांनाही आकडे हवे तसे मिळाले, कारण वाढ झाली ती मुख्यतः स्वयंरोजगारात: काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगारीचं प्रमाण या काळात सुमारे ५२ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेलं. आणि स्वयंरोजगारात २१ येतो, म्हणजे घरच्या धंद्यातली बिनपगारी मदत. मला वाटणारी तिसरी शक्यता दोघांच्याही सोयीची नाही: यातल्या काही बायका आधीपासून म्हशींमागे होत्याच, फक्त सर्वेक्षकांनी दुसरा प्रश्न विचारायला सुरुवात केली असेल. हे माझ्या आवडीचं स्पष्टीकरण आहे. म्हणूनच मी त्याच्याकडे जास्त संशयानं बघते. ते तपासायचं तर सर्वेक्षकांना काय शिकवलं गेलं, दारात कोण उभं होतं, किती घरांत बाईनं स्वतः उत्तर दिलं, हे सगळं बाहेर काढावं लागेल. आकड्यांवर लेख लिहिणाऱ्यांना यात रस नसतो, कारण त्यासाठी एसटीनं जावं लागतं.

मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, घेतो नवरा. दोन माणसं, एक एकक. टनावारीचा हिशेब एककाचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्यावर २०१९मध्ये राज्य सरकारनं समिती नेमली. तोवर कोयत्यातल्या बाईच्या पोटात काय होतंय याला कुठल्याच नोंदीत वेगळी जागा नव्हती. जिचं नाव मजुरीच्या हिशेबात नाही तिचा खाडा मात्र दंडाच्या हिशेबात असतो, आणि पाळीचे दिवस म्हणजे खाडा.

आता येऊ घातलेल्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. १९०१ साली रिस्लेनं जाती नुसत्या मोजल्या नाहीत, त्यांची सामाजिक उतरंड लावण्याचाही खटाटोप केला. तेव्हा जातीजातींकडून अर्ज-विनंत्यांचा पाऊस पडला होता. या खेपेला कोण काय सांगेल, कोण कुठल्या नावानं नोंदवेल, यावर गावोगाव बैठका होतील. मोजणी सुरू होण्याआधीच ती अर्धी झालेली असेल.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या मोठ्या फेऱ्यांत ९२ आणि ९३ मिळालेल्या बायकांसाठी वेगळे पुरवणी प्रश्न असत. आमच्या प्रश्नावलीतही ते होते. वर्षभर घरकामातच का, इथपासून सुरुवात. मग ती लांबलचक यादी: परसात भाजी लावता का, कोंबड्या-जनावरांचं करता का, सरपण आणता का, गोवऱ्या करता का, बाहेरून पाणी आणता का. हो, हो, हो करत बाई शेवटच्या प्रश्नाशी यायची: घरातल्या कामाचा व्याप असूनही, घरच्या घरी काम मिळालं तर करायची तयारी आहे का?

या प्रश्नावर हसली नाही अशी बाई मला क्वचितच भेटली. म्हसवडच्या बाजूला एका घरी एक मावशी नातवाला मांडीवर घेऊन ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी यादीतल्या सगळ्याला हो म्हटलं होतं. हा प्रश्न ऐकल्यावर सूप खाली ठेवलं.

“आनखी काम? मग निजायचं कवा?”

मी पेन धरून थांबले. रकान्यात हो किंवा नाही, दोनच पर्याय. त्यांनी एक ज्वारीचा खडा वेचून बाहेर टाकला, आणि जरा वेळानं, नातवाचं डोकं दुसऱ्या मांडीवर घेत, आवाज बारीक करून विचारलं, “पैसं कुनाच्या हातात देनार?”